पहिली मिटिंग: दारू सोडायची आहे आणि गट शोधायचा आहे त्यांच्यासाठी

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आत गेलोच नाही. जिन्यात वीस मिनिटं उभा राहिलो. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मनातल्या मनात चिडलो, इथे माणसं बुडतायत आणि यांना हसू सुचतंय, आणि तसाच घरी परतलो. त्या रात्री प्यायलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच जिन्यात उभा होतो. या वेळी वर चढणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून विचारलं, "आत येताय ना?" नाही म्हणायला सुचलं नाही, एवढ्यावरच माझी पहिली मिटिंग झाली. आता अधूनमधून जिन्यात उभं राहून तोच प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे असतं.

नवीन माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, "चांगला गट कुठला?" मिटिंग असते तासा-दीड तासाची. दिवसाचे उरलेले बावीस-तेवीस तास तुमचे तुम्हालाच काढायचे असतात. म्हणून मी एकच कसोटी सांगतो: रात्री अकरा वाजता, हात बाटलीकडे जायच्या आधी, ज्याला फोन करता येईल असा एक तरी माणूस त्या खोलीत सापडतोय का? पद्धत कुठली, तत्त्वज्ञान काय, हे नंतर बघता येतं. पुढचं सगळं या एका फोन नंबरापर्यंत पोहोचण्यासाठीच आहे असं समजून वाचा.

१. आधी शरीराचं बघा

हा भाग नीरस आहे, पण तो आधी येतो, कारण यात जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली, तर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ सुरू होते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं, ताप चढतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

तेव्हा रोज पीत असाल, सकाळी हात स्थिर व्हायला घोट लागत असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, गरोदर असाल किंवा लिव्हरचा वा हृदयाचा आजार असेल, तर घरी एकट्याने बंद करू नका. डॉक्टरकडे जा आणि आकडा खरा सांगा. आपण सगळेच निम्मा सांगतो. डॉक्टरांनाही ते माहीत असतं, पण औषधाचा डोस त्यांना अंदाजाने ठरवायला लावू नका. काही दिवस उतरत्या डोसमध्ये औषध देतात, सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते पुरेसं उरत नाही, आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हे काम गटाचं नाही. गटातली माणसं कितीही अनुभवी असली तरी त्यांच्याकडे तुमची नाडी बघायचा अधिकार नाही. मात्र उपचार संपल्यावर मिटिंगला जाईन असंही म्हणू नका. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करता येतं.

"पण मी खरंच एवढा पितो का?" हा प्रश्न जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण ४०, आणि ८ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर गेलंय असं समजतात. कागदावर पेन घेऊन सोडवा, पाच मिनिटं लागतात. गटात मात्र कोणी गुण विचारत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये सभासद व्हायला अट एकच आहे, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असणं हीसुद्धा अट नाही.

२. कुठले गट असतात

इथे सांगतोय त्यांतला सगळ्यात जुना आणि जगभर पसरलेला गट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे त्याला 'एए' म्हणतात. त्याची सुरुवात कशी झाली ते सांगतो, कारण ती मिटिंगने झालीच नव्हती. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी तिथे आला होता. काही महिने दारूला शिवला नव्हता, पण कामाचा सौदा फसला आणि हॉटेलच्या लॉबीत उभा असताना बारमधला गलबला कानावर येऊ लागला. बारकडे जाण्याऐवजी त्याने लॉबीतल्या फलकावरची चर्चची यादी बघून फोन लावायला घेतले. दुसरा एखादा दारुडा सापडतो का, हेच तो शोधत होता. त्या फोनांतून तो बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोहोचला. पंधरा मिनिटंच देईन असं ठरवून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. बिलला त्या संध्याकाळी डॉक्टरांना सुधारायचं नव्हतं, स्वतः प्यायचं टाळायचं होतं. गटातलं कोणीतरी "तुमच्या फोनने मलाच मदत झाली" असं म्हणालं तर ती सभ्यता समजू नका, यंत्रणाच तशी चालते.

एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूशिवाय जगायला शिकायचे बारा टप्पे, १९३९ साली छापून आल्या. त्यांत देवाचा उल्लेख आहे, "आम्हाला जसा उमगला तसा" या जोडीसह. नास्तिकांना इथे अडखळायला होतं. मी अडखळलो. एका जुन्या सभासदाने सांगितलं, सध्या एवढंच मान की तुझ्यापेक्षा ही खोली मोठी आहे. त्यावर माझं भागलं. तुमचं भागेलच असं नाही, आणि नाही भागलं तर दारू सोडणं थांबवायचं कारण नाही, कारण दुसरे रस्ते आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून चालते. तिथे देव नाही, पायऱ्या नाहीत. विचार आणि वागणूक बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती वापरतात, प्रशिक्षण घेतलेला माणूस चर्चा चालवतो, आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलताही येतं. लाइफरिंग हाही निधर्मी गट आहे. विमेन फॉर सोब्रायटी फक्त बायकांसाठी, १९७० च्या दशकात सुरू झालेला. एएमध्येही फक्त बायकांच्या मिटिंगा असतात, आणि पुरुषांसमोर तोंड उघडवत नसेल तर तिथूनच सुरुवात करणं बरं.

याचा उपयोग होतो का? २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं मिळून आढावा घेतला. माणसाला नीट पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार, दारूपासून सलग लांब राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, आणि इतर बऱ्याच बाबतीत निदान बरोबरीचे. म्हणजे जादू नाही, पण थोतांडही नाही. दोन्ही म्हणणारे तुम्हाला भेटतील.

यातला कुठला निवडायचा यावर मी नवीन माणसाला आठवडाभर विचार करू देत नाही. जो जवळ आहे आणि उद्या आहे, तो.

३. पत्ता काढणं

प्रत्येक संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवर मिटिंगांची यादी असते, बऱ्याच ठिकाणी हेल्पलाइनही. व्यसनमुक्ती केंद्र, मानसोपचार विभाग, नेहमीचे डॉक्टर यांच्याकडेही पत्ते असतात. यादीत काही शब्द वारंवार दिसतील. 'खुली' म्हणजे घरचे, मित्र, अभ्यासक कोणीही बसू शकतं. 'बंद' म्हणजे फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. बंद हा शब्द वाचून अनेक जण परत फिरतात. तुमच्यासाठीच ती आहे, बंद आहे ती इतरांना. 'नवागतांची' असं लिहिलेलं दिसलं तर सोन्याहून पिवळं. 'स्पीकर' मिटिंगमध्ये एकच जण आपली कहाणी सांगतो आणि बाकीचे ऐकतात, त्यामुळे बोलायची धास्ती असेल तर ती सोपी.

वेळ निवडताना एक गोष्ट करा. तुम्ही एरवी किती वाजता पहिला पेग भरता? त्या वेळेची मिटिंग शोधा. रविवारी सकाळची मिटिंग छान वाटते, पण रविवारी सकाळी तुम्ही पीतच नव्हता.

मग फोन करा. यादीतल्या वेळा जुन्या असू शकतात, जागा बदललेली असू शकते, आणि बंद दारासमोर उभं राहिलेला नवखा माणूस थेट कुठे जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. फोनवर जास्त बोलावं लागत नाही. "मला दारू सोडायची आहे. मिटिंगला यायचंय, पहिलीच वेळ आहे. जागा आणि वेळ तीच आहे ना? दाराशी कोणी भेटेल का?" एवढं पुरतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. बरेचदा पलीकडचा म्हणतो, मीच थांबतो. आडनाव, नोकरी, पत्ता यांतलं काहीच सांगायची गरज नाही.

काही गोष्टी दिसल्या तर दुसरा गट शोधा. आधी पैसे भरा म्हटलं तर. स्वमदत गटात प्रवेश फी नसते. मिटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल तो टाकतो, आणि नव्या माणसाने पहिल्या वेळी काही टाकू नये असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. एए तर बाहेरच्यांची देणगीच घेत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करा म्हटलं तर. किंवा मिटिंगच्या नावाखाली एखाद्या महागड्या केंद्रात भरती व्हायचा आग्रह सुरू झाला तर.

ऑनलाइन मिटिंगा दिवसरात्र कुठे ना कुठे चालू असतात. रात्री तीनला जाग आली की त्यांच्यासारखा आधार नाही. त्यांची एक अडचण असते, ती पुढे येईल.

४. तो दिवस

शक्यतो पिऊन जाऊ नका. पण प्यायला असाल तरी जा, फक्त गाडी चालवू नका. काही गट त्या दिवशी प्यायलेल्याला "आज ऐका, बोलू नका" म्हणतात, त्यात अपमान नाही. त्या अवस्थेत आलेली माणसं आज त्याच खोलीत किल्ल्या सांभाळतायत.

दहा मिनिटं आधी पोहोचा. ऐन वेळी गुपचूप मागे शिरायचा मोह होईल, कारण कोणी बोलू नये असं वाटतं. पण मिटिंग सुरू झाल्यावर शिरणाऱ्याकडे सगळे बघतात, आधी येणाऱ्याशी एकच माणूस बोलतो. जो खुर्च्या लावतोय त्याला सांगा, "माझी पहिली वेळ आहे." पुढचं तो बघेल.

ओळखीचं कोणी दिसलं तर? ही भीती सगळ्यात मोठी असते आणि तिचं उत्तर सगळ्यात साधं: तोही तिथेच बसलाय. खुल्या मिटिंगला मात्र बाहेरची माणसं असू शकतात, तेव्हा ही भीती फार असेल तर पहिली मिटिंग बंद प्रकारची निवडा.

५. आत काय होतं

खुर्च्या बहुधा गोलात किंवा ओळीत, पुढे एक टेबल. जो मिटिंग चालवतो तो गटाची ओळख वाचून दाखवतो, कोणीतरी एखादा उतारा वाचतं. एएमध्ये बहुतेक ठिकाणी शांतीची प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारायचं बळ, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखायची अक्कल दे, असा तिचा भाव. म्हणायची नसेल तर गप्प उभे राहा.

मग शेअरिंग. एकेक जण बोलतो, साधारण तीन ते पाच मिनिटं. "मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे" असं म्हणून सुरुवात, त्यावर सगळे त्याला नावाने नमस्कार करतात. तुमची पाळी आली तर हे वाक्य म्हणायलाच हवं असं नाही. "माझं नाव अमुक, आज मी फक्त ऐकणार आहे" म्हणा, पुढच्याकडे पाळी जाते. मी पहिल्या चार मिटिंगा हेच म्हणालो. पाचव्या वेळी तोंड उघडलं ते मिटत नव्हतं, चालवणाऱ्याला घड्याळ दाखवावं लागलं.

एएत कोणी बोलत असताना मध्ये बोलत नाहीत, आणि नंतरही त्याला सल्ला देत नाहीत. नव्याला हे फार विचित्र वाटतं. मी माझी फजिती सांगितली आणि समोरून एक शब्द नाही! घरी मी तोंड उघडलं की पाच जणांचे सल्ले तयार असायचे, त्यामुळे इथली शांतता मला आधी थंडपणा वाटली. त्या शांततेत आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येतं, हे लक्षात यायला महिना गेला.

आणि हो, हसतात. अंथरुणाखाली लपवलेली बाटली स्वतःलाच सापडेना झाली, असं कोणी सांगतं आणि खोली खो-खो हसते. कारण प्रत्येकाची एक बाटली कुठेतरी हरवलेली असते.

ऐकताना एक सवय आवर्जून मोडा. मन सारखं मोजमाप घेतं: याची नोकरी गेली, माझी आहे. हा तुरुंगात गेला, मी नाही. म्हणजे मी यांच्यातला नाही. जुने लोक म्हणतात, वेगळं काय ते शोधू नका, सारखं काय ते शोधा. घटना सारख्या नसतील. खोटं बोलताना पोटात पडणारा खड्डा सारखा असतो.

काही गटांत चोवीस तास, एक महिना, एक वर्ष दारूशिवाय गेल्याबद्दल नाण्यासारखं एक पदक देतात. चोवीस तासांचं नाणं घ्यायला उठलात तर टाळ्या वाजतात, तेव्हा कानकोंडं व्हायला होतं. तरी घ्या. खिशात हात घातल्यावर बोटांना लागतं.

ऑनलाइन असाल तर आत शिरण्याआधी पडद्यावरचं तुमचं नाव तपासा. ऑफिसच्या खात्याने पूर्ण नाव, कधी कंपनीसकट, झळकत असतं. नुसतं पहिलं नाव ठेवा. इयरफोन लावा, कारण शेजारच्या खोलीतल्या माणसाने इतरांच्या कहाण्या ऐकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

६. मिटिंगनंतरची पंधरा मिनिटं

मिटिंग संपताच पळायची इच्छा होईल. पळू नका. मला विचाराल तर मिटिंगचा सगळ्यात कामाचा भाग मिटिंग संपल्यावर सुरू होतो. खुर्च्या उचलायला हात लावा. नुसतं उभं राहून बोलायला अवघड जातं, खुर्ची उचलता उचलता सोपं जातं.

इथे नंबर घ्यायचे आहेत. एक नको, दोन-तीन घ्या, कारण एकाचा फोन लागणार नाही तीच रात्र कठीण असेल. बहुतेक जण स्वतःहून देतील. न दिले तर "गरज पडली तर फोन केला तर चालेल का?" एवढं विचारा. या वाक्याला नाही म्हणणारा सोबर, म्हणजे दारूपासून लांब राहिलेला, माणूस मी अजून बघितलेला नाही. ज्याचं बोलणं ऐकताना तुम्ही मान डोलावली होती त्याचा नंबर आधी. जो फार छान बोलला त्याचा नंतर.

ऑनलाइन मिटिंगची अडचण ती हीच. 'लीव्ह' दाबलं की खोली संपते, जिना नसतो. म्हणून तिथे चॅटमध्येच लिहा, "नवीन आहे, कोणी थोडा वेळ थांबेल का?"

आणि त्याच रात्री एक फोन करून टाका, गरज नसताना. गरज पडते तेव्हा हात फोनकडे जात नाही. मेंदू तेव्हा वकील झालेला असतो, फोन न करण्याची दहा कारणं देतो. साध्या दिवशी केलेले फोन ही त्याची तालीम आहे.

७. पुढचे काही आठवडे

एका मिटिंगवरून मत बनवू नका. निदान सहा वेळा जा, जमल्यास वेगवेगळ्या गटांत. प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा असतो, एखादीत एकच जण सगळा वेळ खातो, एखादीत देव जास्त, एखादीत रडारड. "नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा" हे ऐकू येईल. तो नियम नाही, रीत आहे, पण सुरुवातीला रोजची एक मिटिंग जमत असेल तर वाईट नाही. ज्या खोलीत तुम्ही न आल्याचं कोणाच्या तरी लक्षात येतं, ती तुमची. तिथे एखादं छोटं काम अंगावर घ्या, दार उघडायचं किंवा खुर्च्या मांडायचं. काम असलं की "आज नको" म्हणणं जड जातं.

मग स्पॉन्सर. एएमध्ये पायऱ्यांतून हात धरून नेणारा, तुमच्या आधी त्या वाटेने गेलेला सभासद. साधारणपणे वर्षभरापेक्षा जास्त काळ सोबर असलेला आणि ज्याच्याविषयी शारीरिक आकर्षणाचा प्रश्न येणार नाही असा बघतात. त्याला विचारायचं म्हणजे लग्नाची मागणी नव्हे. "तात्पुरते माझे स्पॉन्सर व्हाल का?" असंही विचारता येतं, आणि पटलं नाही तर बदलताही येतो. तो डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, सावकार नाही. पैशांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी टाळा. एक जुनी कीडही सांगून ठेवतो: नव्याने आलेल्या, हळव्या अवस्थेतल्या माणसावर जाळं टाकणारे जुने सभासद क्वचित भेटतात. गटात त्याला तेरावी पायरी म्हणतात. असं काही जाणवलं तर तुमची शंका खरी धरा, दुसऱ्या जुन्या सभासदाला सांगा आणि मिटिंग बदला. मिटिंग सोडू नका.

औषधांबद्दल पुन्हा एकदा. नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही दारूची ओढ कमी करायला, टिकून राहायला मदत करणारी औषधं आहेत. डायसल्फिरामची गोष्ट वेगळी. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, आणि हे जिवावरही बेतू शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, म्हणून ती कोणाला नकळत खायला घालणं हा गुन्ह्याइतकाच वेडेपणा आहे. "गोळ्या घेणं म्हणजे खरी सोब्रायटी नाही" असं कोणी म्हणालं तर ते त्याचं खाजगी मत. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं एएचं स्वतःचं सांगणं आहे.

गुप्ततेबद्दल. इथे ऐकलेलं इथेच राहतं, हा पाळला जाणारा शब्द आहे, पण ते कायद्याचं संरक्षण नाही. वकिलाशी किंवा डॉक्टरशी बोलल्यासारखं ते धरू नका. पोलिसांपर्यंत जाऊ शकेल असं काही मनावर असेल तर ते भर मिटिंगमध्ये नको, आधी वकिलाकडे. मी इथे नाव देत नाही तेही याच परंपरेमुळे. छापील किंवा सार्वजनिक ठिकाणी सभासद आपली ओळख देत नाहीत. १८४० साली बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन नावाची अशीच चळवळ सुरू केली होती. ती झपाट्याने वाढली, सभा गाजल्या, बाहेरच्या वादांत ओढली गेली आणि काही वर्षांत विरून गेली. बिल आणि मंडळींनी त्यावरून धडा घेतला: प्रसिद्धीपासून आणि बाहेरच्या वादांपासून लांब राहायचं.

८. घरच्यांसाठी थोडंसं

घरच्यांचा गट वेगळा असतो, अल-अनॉन, १९५१ पासूनचा, बिलची बायको लोइस हिने मैत्रिणीसोबत सुरू केलेला. कुमारवयीन मुलांसाठी १९५७ पासून अलाटीन आहे. पिणारा अजून पीत असला तरी घरचे तिथे जाऊ शकतात. त्याला कसं सोडवायचं हे तिथे शिकवत नाहीत, आणि हे ऐकून पहिल्या दिवशी बहुतेक जण नाराज होतात.

माणूस मिटिंगहून आला की "काय सांगितलं तिथे?" असं खोदून विचारू नका. आला, एवढं पुरे.

९. घसरलात तर

गटात याला स्लिप म्हणतात. डॉक्टर बॉब बिलला भेटल्यानंतर काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पिऊन परतले. त्यानंतरचा त्यांचा शेवटचा पेग १० जून १९३५ चा, आणि एए आपला वाढदिवस त्याच तारखेला मानतं. म्हणजे संस्थापकाची स्लिप आधी आणि संस्था नंतर.

प्यायलात तर पुढच्या मिटिंगला जा आणि सांगा. मोजणी शून्यापासून सुरू होईल, ते खुपतं. लाजेने घरी बसलेले दोन आठवडे त्याहून महाग पडतात. दोन गोष्टी शरीराच्या: मध्ये खंड पडला असेल तर जुनं प्रमाण आता झेपत नाही, आणि चार-सहा दिवस सलग प्यायला असाल तर पुन्हा बंद करताना पहिल्या भागातला धोका पुन्हा उभा राहतो, तेव्हा आधी डॉक्टर. आणि जगणंच नको असं वाटत असेल तर मिटिंगच्या वेळेची वाट बघू नका. तातडीच्या सेवेला किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा, कोणालातरी शेजारी बसवून घ्या.

पहिल्या खऱ्या फोनची वेळ येईल तेव्हा काय बोलायचं, असं बरेच जण विचारतात. माझा पहिला फोन रात्री पावणेबाराला होता, त्या जिन्यातल्या गृहस्थांना. "काही विशेष नाही, असाच केला," असं मी म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "बसलोय. बोला."